उसनी सायकल, उभा चढ आणि ‘जवळचा’ रस्ता

पीएचडीच्या प्रवेशाच्या मुलाखतीत मला पहिलाच प्रश्न आला होता, “उतार म्हणजे काय?” मी लगेच उत्तर दिलं, “उंचीतला फरक भागिले आडवं अंतर.” समितीतल्या सरांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यानंतर तीन वर्षं मी उताराचे नकाशे काढले, त्यांना रंग दिले, सेमिनारमध्ये दाखवले. पण उतार म्हणजे काय हे मला नीट कळलं ते डिसेंबर २०२३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रस्त्यावर, दुसऱ्याची सायकल ढकलत असताना.

त्या कळण्यापायी माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. म्हणून हा लेख. तुमच्यापैकी जे पेट देऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेत, त्यांना विषय भूगोलाचा वाटेल. पण तुम्ही रसायनशास्त्रातले असा नाहीतर अर्थशास्त्रातले, यातले दोन प्रश्न तुम्हाला चुकणार नाहीत. आपण किंमत कशाची धरतोय? आणि आपण किती बारीक मोजतोय?

सायकल ताईची, सवय माझी

अमेरिकन जिओफिजिकल युनियनची वार्षिक परिषद त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉस्कोनी सेंटरमध्ये होती. मला पोस्टर मांडायचं होतं. प्रवासाची ग्रँट विमानाच्या तिकिटातच संपली, त्यामुळे आमच्या विभागातली एक सीनियर ताई तिथे पोस्टडॉक करते, तिच्याकडे उतरले. तिचं घर शहराच्या पश्चिम भागात, गोल्डन गेट पार्कच्या दक्षिणेला. परिषद पूर्वेला, खाडीच्या बाजूला. ताई म्हणाली, “माझी सायकल घेऊन जा. बसचे पैसे वाचतील आणि शहरही बघून होईल.”

पहिल्या दिवशी सकाळी मी मोबाईलवर नकाशा उघडला, दोन टोकांमधली साधारण सरळ रेषा पाहिली आणि हेट स्ट्रीटने निघाले. पहिल्याच मोठ्या उतारावर सवयीने डावा ब्रेक दाबला. आपल्याकडच्या सायकलींना बहुतेक वेळा उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो आणि डाव्या हाताचा मागच्या. अमेरिकेत बहुतेक सायकलींना नेमकं उलटं. पुढचं चाक एकदम थांबलं, मागचं उचललं गेलं, मी हँडलवर आदळले. पडले नाही, पण गुडघे दिवसभर थरथरत होते.

ही गंमत म्हणून सांगत नाहीये. उसनी वस्तू कुणाच्या तरी सवयीसाठी बनवलेली असते. दुसऱ्याचा डेटा, दुसऱ्याचं सॉफ्टवेअर, आधीच्या विद्यार्थ्याने लिहिलेला कोड, या सगळ्यांचं तसंच असतं. खोली धन धरली आहे की ऋण? कोन अंशात आहे की रेडियनमध्ये? जिथे मोजणी झालीच नाही तिथे शून्य लिहिलंय की -९९९९? हे उतारावर कळण्यापेक्षा सपाटीवर तपासलेलं बरं. त्या दिवसापासून नवीन डेटा हातात आला, की उत्तर आधीच माहीत असलेलं एक छोटं गणित मी त्यावर करून बघते. ती माझी ब्रेकची चाचणी.

चढ अंगाला कसा कळतो

संध्याकाळी त्याच रस्त्याने परत निघाले आणि अर्ध्या चढावर उतरून सायकल ढकलायला लागले. ढकलता ढकलता डोक्यात हिशेब सुरू झाला. तुम्हीही कागद घ्या.

आधी एक नेहमीचा गोंधळ मिटवू. रस्त्याचा चढ टक्क्यांत सांगतात. १०० मीटर आडवं गेल्यावर ६ मीटर वर चढलो तर चढ ६ टक्के. १०० टक्के चढ म्हणजे भिंत नाही, तो ४५ अंशांचा कोन. सॅन फ्रान्सिस्कोतल्या फिल्बर्ट स्ट्रीटचा हाइड आणि लेव्हनवर्थ या रस्त्यांमधला तुकडा तिथल्या सगळ्यात उभ्या रस्त्यांपैकी एक मानला जातो. त्याचा उतार ३१.५ टक्के, म्हणजे जेमतेम साडेसतरा अंश. कागदावर काढून बघा, किरकोळ वाटेल. प्रत्यक्षात तिथे वर उभं राहून खाली बघितलं, तर रस्ता पुढे तुटल्यासारखा दिसतो.

आता शक्तीचा हिशेब. मी, सायकल आणि पाठीवरची सॅक मिळून साधारण ७५ किलो. माझ्यासारखी सराव नसलेली मुलगी दमून न जाता साधारण १०० वॅट शक्ती देऊ शकते असं धरू. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरने जायला चाकांचं घर्षण आणि हवेचा विरोध मिळून ४०-४५ वॅट पुरतात. ३ टक्के चढावर माझे १०० वॅट मला ताशी १२ किलोमीटरच्या आसपास नेतात. ६ टक्क्यांवर वेग ७ वर येतो. आणि २० टक्क्यांवर? ताशी अडीच किलोमीटरसुद्धा नाही. एवढ्या वेगात सायकलचा तोलच राहत नाही. म्हणजे गिअर कितीही हलका टाकला तरी एका मर्यादेनंतर उतरून ढकलणंच भाग पडतं.

इथे एक गोष्ट नीट बघा. खालून वर जायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करावं लागणारं काम सगळ्या रस्त्यांनी सारखंच असतं, कारण ते फक्त उंचीतल्या फरकावर ठरतं. बदलतो तो त्या कामाचा दर. ऊर्जा तीच, पण शक्ती वेगळी लागते. घाटातली वळणं याचसाठी असतात. वरंधा घाटातून गाडी वळणं घेत घेत वर येते, तेव्हा ती उंची कमी करत नाही, तीच उंची जास्त लांबीवर पसरवते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रसिद्ध लोम्बार्ड स्ट्रीटवर १९२२ मध्ये आठ वळणं काढली ती याच कारणासाठी. मुळात त्या तुकड्याचा उतार २७ टक्के होता.

“हेटनं कशाला आलीस?”

रात्री ताईला सगळं सांगितलं. ती हसायलाच लागली. “अगं, हेटनं कशाला आलीस? विगलनं ये ना.”

विगल हा एक रस्ता नाही. पाच-सहा रस्त्यांचे छोटे छोटे तुकडे जोडून झालेली ती वाट आहे. मार्केट स्ट्रीटवरून ड्युबोस ॲव्हेन्यू, मग स्टायनर, वॉलर, पिअर्स, थोडासा हेट, मग स्कॉट आणि शेवटी फेल. डावीकडे-उजवीकडे वळत, दोन टेकड्यांच्या मधून, सुमारे दीड किलोमीटर. सरासरी चढ ३ टक्क्यांच्या आसपास आणि कुठेही ६ टक्क्यांच्या वर नाही. वर दिलेले माझे आकडे आठवा. ६ टक्के म्हणजे ताशी ७ किलोमीटर. हळू, पण सायकलवर बसूनच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तशी गेले. ड्युबोसवर ट्रामचे रूळ आहेत, ते काटकोनात ओलांडावे लागतात, नाहीतर चाक रुळाच्या फटीत अडकतं. पुढे रस्त्यावर रंगवलेले हिरवे बाण दिसायला लागतात, त्यांच्यामागे वळत राहायचं. वळता वळता लक्षात आलं, की प्रत्येक चौकात समोरचा सरळ रस्ता वर उभा राहतोय आणि बाण मला बाजूच्या सौम्य रस्त्याकडे नेतोय. हेटवर एक उंचवटा चढायचा, पलीकडे उतरायचं आणि पुन्हा चढायचं, असा प्रकार होता. चढून कमावलेली उंची उतारावर ब्रेक दाबून घालवायची. विगलवर एकदा मिळवलेली उंची बहुतेक हातात राहते.

हे कुणी शोधलं? खरं तर पाण्याने. इथे पूर्वी सान्स सुसी नावाची दरी होती आणि तिच्यातून ओढा वाहायचा. ओढा बुजला, वर रस्ते आले. रस्ते आखताना मात्र दरीचा विचार झाला नाही. १८४७ मध्ये जॅस्पर ओ’फॅरेलने शहराची आखणी वाढवली, तेव्हापासून इथे काटकोनी चौकटी टेकड्यांवरून तशाच पुढे नेल्या गेल्या. कागद सपाट, रेषा सरळ. पण चौकटीखाली दरी तशीच आहे आणि सायकलवाल्यांनी चौकटीच्या तुकड्यांमधून ती पुन्हा जोडून काढली.

किंमत कशाची धरायची

आता तुमच्या-माझ्या कामाकडे येऊ. ‘सर्वांत जवळचा रस्ता’ काढायची जी पद्धत संगणकशास्त्राचे विद्यार्थी दुसऱ्या वर्षात शिकतात, ती एडस्गर डाइक्स्ट्रा यांची. १९५६ मध्ये ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत बसून साधारण वीस मिनिटांत ती सुचल्याचं त्यांनी पुढे सांगितलं होतं. प्रसिद्ध झाली १९५९ मध्ये. त्यांच्या मनातलं उदाहरण होतं रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचं. नेदरलँड्समध्ये हे चालून जातं, देशच सपाट. तिथे अंतर म्हणजेच कष्ट.

पण त्या पद्धतीला अंतर माहीतच नसतं. दोन चौकांच्या मधल्या रेषेवर तुम्ही जो आकडा लिहाल, त्याची बेरीज ती कमीत कमी करून देते. मीटर लिहा, मिनिटं लिहा, खर्च केलेली ऊर्जा लिहा. मीटर लिहिले तर उत्तर हेट स्ट्रीटसारखं येईल. चढासाठी मोठा दंड लिहिला तर विगल येईल. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. प्रश्न वेगळे आहेत.

एकाच टेकडीला या शहराने किती वेगवेगळी उत्तरं दिलीत बघा. घोड्यांना उभे चढ झेपेनात, तेव्हा अँड्र्यू हॅलिडीने १८७३ मध्ये क्ले स्ट्रीटवर जमिनीखालून फिरणाऱ्या दोराने ओढली जाणारी केबल कार सुरू केली. तिला चढ चालतो, कारण शक्ती गाडीत नसून लांबच्या इंजिनात आहे. ट्रामला चढ चालत नव्हता, म्हणून १९२८ मध्ये टेकडीखालून सनसेट बोगदा काढला. त्याचं एक तोंड विगलच्या सुरुवातीपासून जवळच आहे. सायकलवाल्याकडे दोरही नाही आणि बोगदाही नाही, म्हणून तो वळणं घेतो. टेकडी एकच, पण प्रत्येकाची किंमत मोजायची रीत वेगळी.

आणखी एक बारकावा. जायची आणि यायची किंमत सारखी असेलच असं नाही. वॉल्डो टोबलर या भूगोलतज्ज्ञाने १९९३ मध्ये चालण्याच्या वेगाचं एक सूत्र मांडलं. त्यानुसार माणूस सगळ्यात वेगात चालतो तो सपाटीवर नाही, तर ५ टक्के उतारावर, ताशी ६ किलोमीटर. सपाटीवर साधारण ५, आणि ५ टक्के चढावर सव्वाचार. म्हणजे घरून कॉलेजला आणि कॉलेजहून घरी ही दोन वेगळी अंतरं आहेत. तुमच्या विषयातही बघा. शिकणं आणि विसरणं, कर्ज घेणं आणि फेडणं, गाठ बसणं आणि सुटणं. दोन्ही दिशांना एकच आकडा लिहून टाकायची घाई करू नका.

सिनॉप्सिसमध्ये आपण ‘ऑप्टिमम’, ‘बेस्ट’, ‘एफिशियंट’ असे शब्द सहज लिहितो. प्रत्येक वेळी कंसात लिहून बघा: कशाच्या हिशेबाने? कुणासाठी? आणि कुठल्या दिशेने?

किती पावलांवर मोजलेला उतार

दुसरा प्रश्न मला जास्त महागात पडला.

विगलवरून आल्यावर मी आणि ताईने दोन मोबाईलवरच्या नोंदी ताडून पाहिल्या. दोघींनी वेगवेगळी ॲप वापरली होती. रस्ता एकच, तरी एकूण चढाईत जवळपास दीडपट फरक. कुणाचं चुकलं? तसं कुणाचंच नाही. एक ॲप दर सेकंदाला उंची घेत होतं, दुसरं बऱ्याच अंतराने. जितकी पावलं बारीक, तितके छोटे खड्डे-उंचवटे मोजले जातात, आणि जीपीएसच्या उंचीतली थरथरसुद्धा चढाई म्हणून बेरजेत येते. पावलं मोठी घेतली, की खरे उंचवटेही पुसले जातात.

म्हणजे ‘उतार ८ टक्के’ हे वाक्य अर्धवट आहे. किती लांबीवर, हे सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. फिल्बर्टचा तो तुकडा साधारण १२५ मीटर लांब. चौकात रस्ता बराच सपाट, मधे उभा. चौक धरून मोजाल तर एक आकडा, फक्त मधला भाग मोजाल तर दुसरा. सरासरी काढली की चौकाची सपाटी उभ्या भागाला थोडी उसनी दिली जाते. पण सायकलवाला सरासरीवर अडत नाही, तो सगळ्यात उभ्या वीस मीटरवर अडतो.

उपग्रहाच्या किंवा यानाच्या माहितीवरून बनवलेल्या उंचीच्या नकाशाला आम्ही डीईएम म्हणतो. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा डीईएम म्हणजे एसआरटीएम. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने केलेल्या मोजणीतला. त्याचा एक चौकोन साधारण ३० मीटरचा. उतार काढताना सॉफ्टवेअर एका चौकोनाच्या दोन्ही बाजूंचे चौकोन बघतं, म्हणजे हातात येतो तो ६० मीटरवरचा उतार. शिवाय दाट झाडीत रडारची लहर पूर्ण जमिनीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे झाडांची थोडी उंची जमिनीत मिसळते. हे सगळं मला पाठ होतं. मेथडॉलॉजीत लिहिलंही होतं. पण त्याचा अर्थ काय, ते मी स्वतःला विचारलं नव्हतं.

आजोबा बरोबर होते

माझा अभ्यास भोर तालुक्यातल्या एका छोट्या ओढ्याच्या पाणलोटाचा. पहिल्या वर्षी फील्डला गेले होते, तेव्हा एका आजोबांनी शेताकडे हात करून सांगितलं होतं, “हितलं पाणी हिकडं येत न्हाय, बाळा. त्या तालीपासनं वळतं आन् पल्याडच्या वढ्याला जातं.” ताल म्हणजे शेताचा दगडी बांध. मी मोबाईलवर नकाशा उघडला. नकाशात पाणी सरळ आमच्या ओढ्यात येत होतं. त्या रात्री मी वहीत लिहिलं, ‘स्थानिक माहिती नकाशाशी जुळत नाही. सोडून द्यावी.’

ताईच्या घरी ते दोन मोबाईल समोर ठेवून बसले असताना मला ते वाक्य आठवलं. ताल फार तर दोन मीटर रुंद. माझा चौकोन ३० मीटरचा. तो बांध माझ्या नकाशात असूच शकत नव्हता. हेट स्ट्रीटची रेषा सपाट कागदावर जशी जवळची दिसत होती, तसंच पाणी माझ्या पडद्यावर सरळ येत होतं.

पोस्टर दुसऱ्या दिवशी होतं. नकाशा छापून झालेला. रात्री गाईडना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, “लोकांनी विचारायच्या आधी तूच सांग.” सकाळी एका चिठ्ठीवर लिहिलं, की या भागातली पाणलोटाची सीमा जागेवर तपासायची बाकी आहे, आणि ती नकाशावर चिकटवली. दोघांनी थांबून विचारलं. बाकीचे पुढे गेले.

परत आल्यावर एका इंजिनिअरिंग कॉलेजमधून ऑटो लेव्हल आणि स्टाफ मागून आणला (पुन्हा उसना, पण या वेळी आधी तपासून घेतला). दोन दिवस लेव्हलिंग केलं. ताल १.४ मीटर उंच निघाली आणि तिच्यामागची जमीन पलीकडे कललेली. जुलैमध्ये भर पावसात छत्री घेऊन तिथे उभी राहिले. पाणी तालीला येऊन टेकलं, वळलं आणि पल्याडच्या ओढ्याला गेलं. माझ्या पाणलोटाचं क्षेत्र साधारण सहाव्या हिश्शाने कमी झालं, आणि त्याबरोबर त्यावर उभे असलेले सगळे आकडे बदलले. प्रकरण पुन्हा लिहायला पाच महिने लागले. आजोबांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, “मग मी काय सांगत हुतो?”

तुम्ही हे करून बघा

या आठवड्यात एक सायकल मागून आणा, स्वतःची असली तरी दुसऱ्याची आणा. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडे चढणारे रस्ते आहेत, रत्नागिरीत आहेत, पणजीत आल्तिन्होचा चढ आहे, पुण्यात टेकड्यांच्या कडेने भरपूर आहेत. आधी सपाटीवर ब्रेक तपासा. मग एकाच दोन ठिकाणांमध्ये दोन रस्ते निवडा, एक नकाशाने सांगितलेला आणि एक तिथल्या दूधवाल्याने किंवा पेपर टाकणाऱ्या मुलाने सांगितलेला. दोन्हींनी जा आणि दोन्हींनी परत या. चार वेळा लिहून ठेवा. कुठे उतरून ढकलावं लागलं तेही लिहा. मग डीईएमवरून त्याच रस्त्यांचा उतार काढा आणि जिथे ढकललं तिथे नकाशा काय म्हणतो ते बघा.

आकडे जुळले नाहीत, तर वहीत ‘सोडून द्यावी’ असं लिहू नका. ती पानं मला पाठवा. पुढच्या लेखात जीपीएसच्या उंचीत एवढी थरथर का असते ते बघणार आहोत, तेव्हा तुमचीच उदाहरणं घेऊ.